पीएलसीची लिंक अधूनमधून तुटते: बंद-चालू करण्याआधी काय तपासायचं

रात्रपाळीच्या लॉगबुकात एक नोंद वारंवार दिसते: "कम्युनिकेशन फॉल्ट आला. पॅनेल पॉवर ऑफ-ऑन केला. ओके." आठ-दहा दिवसांनी तीच नोंद पुन्हा, फक्त हस्ताक्षर वेगळं. महिनाभराने कोणीतरी केबल बदलतं, कोणी पीएलसीचं (मशीन चालवणाऱ्या औद्योगिक संगणकाचं) कार्ड बदलतं, आणि तरीही एका पहाटे एचएमआयवरचे (ऑपरेटरच्या स्क्रीनवरचे) सगळे आकडे जाऊन तिथे चौकटी नाहीतर प्रश्नचिन्हं उमटतात.

हे लिहितोय ते अशाच दोषासाठी. लिंक, म्हणजे पीएलसी आणि बाकी उपकरणांमधला संवाद, कधीच लागत नसेल तर ते काम तुलनेने सोपं असतं, कारण दोष समोर बसलेला असतो. लागते, चार दिवस चालते, तुटते आणि आपोआप परत येते, अशा लिंकने मात्र माणूस थकतो. माझा अनुभव असा की या दोषाचं आयुष्य वाढवतो तो आपला बंद-चालू करण्याचा हात. पॉवर घालवली की पोर्टचा बफर रिकामा होतो, अडकलेलं कनेक्शन सुटतं, एरर कोड पुसला जातो आणि ड्राइव्हही (मोटारचा वेग सांभाळणारी युनिटं) नव्याने सुरू होतात. मूळ कारण काहीही असो, बहुतेक वेळा लिंक परत येते. म्हणून बंद-चालू केल्यावर चाललं, यावरून काहीच सिद्ध होत नाही. उलट पाच मिनिटांपूर्वी हाताशी असलेला पुरावा तेवढा जातो.

## आधी दोन मिनिटं नुसतं बघा

प्रॉडक्शन थांबलेलं असताना "बघत राहा" म्हणणं सोपं नाही, हे मला ठाऊक आहे. तरी दोनच मिनिटं काढा. पीएलसीच्या पोर्टवरचे पाठवण्याचे आणि घेण्याचे दिवे मोबाइलवर वीस सेकंद चित्रित करा. एचएमआयवरचा एरर आणि ड्राइव्हच्या डिस्प्लेवरचा कोड, दोन्हींचे फोटो घ्या. घड्याळातली वेळ लिहा. आणि ऑपरेटरला एकच प्रश्न विचारा: "हे व्हायच्या आधी नेमकं काय चालू झालं किंवा बंद झालं?" या प्रश्नाचं उत्तर मला मीटरपेक्षा जास्त वेळा उपयोगी पडलंय. "साहेब, मोठा पंप घेतला की होतं" हे वाक्य ऐकलं की निम्मा शोध संपतो.

पाठवण्याचा दिवा लुकलुकतोय आणि घेण्याचा अजिबात नाही, तर पीएलसी विचारतोय पण उत्तर त्याच्यापर्यंत येत नाही. पाठवण्याचाच दिवा बंद असेल तर केबलला हात लावू नका. प्रोग्रॅममधला कम्युनिकेशनचा ब्लॉक चालतोय का, पीएलसी रनमध्ये आहे का, हे आधी बघा. दोन तारांच्या जोडणीत काही पोर्ट स्वतःचाच आवाज ऐकतात, त्यामुळे घेण्याचा दिवा लुकलुकला म्हणजे उत्तर आलंच असं धरून चालू नये.

मीटर उचलण्याआधी एक गोष्ट पक्की करा. लिंक तुटल्यावर प्रत्येक ड्राइव्ह काय करणार, हे पॅरामीटरमध्ये पाहून घ्या. कोणी जागच्या जागी ट्रिप होतो (फॉल्ट दाखवून बंद पडतो), कोणी रॅम्पने थांबतो, आणि कोणी शेवटच्या वेगाने चालूच राहतो. मशीन फिरत असताना बसचा (सगळ्यांना जोडणाऱ्या सामायिक तारेचा) कनेक्टर काढायचा नाही. रेझिस्टन्स मोजायचा तो सगळी पॉवर बंद करून, आणि ड्राइव्हचं झाकण उघडण्याआधी त्यावर छापलेला कपॅसिटर डिस्चार्जचा वेळ पूर्ण थांबून.

## गप्प कोण आहे?

एकच स्टेशन (तारेवर जोडलेलं उपकरण) गप्प आहे, की सगळी? की एका ठिकाणापासून पुढची सगळी?

एकच असेल तर त्याचा पत्ता, त्याचा कनेक्टर आणि त्याची सेटिंग बघा. ठरावीक स्टेशनच्या पुढची सगळी जात असतील तर त्या स्टेशनवर येणारी-जाणारी तार सैल आहे. बहुतेकदा एकाच टर्मिनलमध्ये दोन बारीक तारा कोंबलेल्या असतात, स्क्रू एकीवर घट्ट बसतो आणि दुसरी नुसती टेकलेली राहते. पॅनेलचं दार आपटलं की ती हलते. अशा ठिकाणी दोन तारांची जोड-फेरूल (तारांच्या टोकांवर दाबायची धातूची नळी) वापरा आणि स्क्रू आवळून झाल्यावर प्रत्येक तार बोटाने ओढून पाहा. ही तपासणी क्षुल्लक वाटते, पण मी सोडवलेल्या दोषांपैकी बरेचसे या ओढण्यानेच सापडले.

सगळी स्टेशनं एकदम जात असतील तर पीएलसीचा पोर्ट, मुख्य केबल आणि २४ व्होल्टचा पुरवठा, या तिघांकडे वळा. पुरवठा नुसत्या नजरेने मीटरवर बघून कळत नाही. मोठा कॉइल किंवा व्हॉल्व्ह उचलतो त्या क्षणी व्होल्टेज किती खाली जातं, ते मीटरच्या किमान-कमाल नोंदीवर धरा. आणि कधी हे, कधी ते, असं स्टेशन बदलत असेल तर टर्मिनेशन (तारेच्या टोकांचे रेझिस्टर), अर्थिंग आणि विजेचा गोंगाट यांच्याबद्दल पुढे लिहिलंय ते वाचा.

एक फसवा प्रकार असतो: दोन स्लेव्हना (पीएलसीला उत्तर देणाऱ्या उपकरणांना) चुकून एकच पत्ता दिलेला. दोघंही एकाच वेळी उत्तर देतात आणि दोन्ही उत्तरं एकमेकांत मिसळून कचरा होतो. दोघांपैकी कोणताही एक काढला की दुसरा नीट बोलतो, त्यामुळे बिचाऱ्या काढलेल्यावर दोष येतो आणि तो बदलला जातो. बदलून आलेला सुटा स्लेव्ह कारखान्यातून साधारणपणे पत्ता १ घेऊनच येतो, हे लक्षात असू द्या.

## टाइमआउट वेगळा, नकार वेगळा

मॉडबस, म्हणजे उपकरणांनी आपसात बोलायची ठरलेली भाषा, १९७९ मध्ये मॉडिकॉन कंपनीने आणला, तेव्हापासून त्याचा मूळ नियम तोच आहे: मास्टर (इथे पीएलसी) विचारतो, स्लेव्ह उत्तर देतो, आणि विचारल्याशिवाय स्लेव्ह तोंड उघडत नाही. म्हणून चुका मोजक्याच प्रकारच्या होतात, आणि त्या वेगळ्या ओळखता आल्या की वणवण वाचते.

टाइमआउट म्हणजे उत्तरच आलं नाही. सीआरसी (संदेशासोबत जाणारा पडताळणीचा आकडा) एरर म्हणजे उत्तर आलं, पण वाटेत बिघडलं. तिसरा प्रकार म्हणजे एक्सेप्शन: स्लेव्हने प्रश्न नीट ऐकला, समजून घेतला आणि नकार दिला. अशा उत्तरात फंक्शन कोडमध्ये (काय करायचं ते सांगणाऱ्या आकड्यात) हेक्स ८० मिळवलेले असतात. म्हणजे ०३ विचारलं तर ८३ येतं आणि त्यापुढे कारणाचा आकडा. ०१ म्हणजे हे फंक्शन मला येत नाही, ०२ म्हणजे हा पत्ता माझ्याकडे नाही, ०३ म्हणजे दिलेली किंमत चालणार नाही.

एक्सेप्शन आलं की केबल ठीक आहे! लोक ०२ कोड समोर दिसत असताना दोन तास शील्ड तपासत बसलेले मी पाहिलेत. तिथे पाहायचा असतो रजिस्टरचा (उपकरणातल्या किंमत ठेवायच्या जागेचा) आकडा. मॅन्युअलमध्ये ४०००१ लिहिलेलं असतं, तारेवर मात्र तो पत्ता ० म्हणून जातो. काही पीएलसी हा एकाचा फरक स्वतः वजा करतात, काही तुमच्यावर सोडतात. शेवटच्या रजिस्टरपर्यंत एकदम वाचायला गेलात आणि एकाने पुढे सरकलात, तर अख्खी विनंती ०२ देऊन परत येते.

याच घरातला दुसरा गैरसमज म्हणजे आकडा चुकीचा आला की "कम्युनिकेशन बिघडलं" म्हणणं. एनर्जी मीटर २३० व्होल्ट दोन रजिस्टरमध्ये फ्लोट (दशांश आकडा) म्हणून देतो: ४३६६ आणि ००००, हेक्समध्ये. पीएलसीने ते उलट क्रमाने जोडले तर ०००० ४३६६ होतं, आणि ही किंमत इतकी सूक्ष्म की स्क्रीनवर ०.० दिसतं. लिंक उत्तम आहे, फक्त शब्दांची अदलाबदल करायची आहे.

टाइमआउटबद्दल एक बारीक गोष्ट. प्रश्न जातानाच बिघडला तर स्लेव्हला सीआरसी जुळत नाही, आणि नियमाप्रमाणे तो गप्प बसतो. मास्टरला ते टाइमआउट म्हणूनच दिसतं. त्यामुळे नुसते टाइमआउट दिसतात म्हणून लाइन स्वच्छ आहे असं समजू नका. टाइमआउटच्या जोडीला अधूनमधून सीआरसीही दिसत असेल तर तारेवर गोंगाट आहे किंवा सिग्नल अशक्त आहे, हे जवळजवळ पक्कं.

नव्याने जोडलेलं स्टेशन सुरुवातीपासूनच बोलत नसेल तर बॉड रेट (संदेशाचा वेग), पॅरिटी आणि स्टॉप बिट हे तिन्ही दोन्हीकडे जुळतात का पाहा. मॉडबस आरटीयूच्या (सिरियल तारेवरच्या मॉडबसच्या) नियमात मूळ पॅरिटी इव्हन आहे, आणि पॅरिटी नको असेल तर दोन स्टॉप बिट सांगितलेत. प्रत्यक्षात पुष्कळ उपकरणं पॅरिटी नाही आणि एकच स्टॉप बिट अशी येतात. तेही चालतं, फक्त सगळ्यांवर सारखं हवं. ते जुळूनही गप्पच असेल तर ए आणि बी या सिग्नलच्या दोन तारा आलटून-पालटून बघा. मानकातला ए-बी आणि बाजारातल्या बऱ्याच चिपवरचा ए-बी एकमेकांच्या उलट आहेत, त्यामुळे एका कंपनीचा ए दुसरीचा बी असू शकतो. तारा उलट लागल्या म्हणून पोर्ट जळत नाही.

## साठ ओहम

आता ज्या दोषामुळे मला हे लिहावंसं वाटलं, त्याकडे येतो.

एक लाइन होती. एक पीएलसी, नऊ ड्राइव्ह, दोन एनर्जी मीटर, सगळे एकाच आरएस-४८५ तारेवर (दोन तारांतल्या व्होल्टेजच्या फरकाने संदेश नेणारी जोडणी). महिन्यातून चार-पाच वेळा शेवटच्या तीन-चार ड्राइव्हपैकी कुणीही एक कम्युनिकेशन फॉल्टवर ट्रिप व्हायचा. बहुतेक वेळा शेजारच्या मोठ्या मोटारचा स्टार्ट आणि हा ट्रिप एकत्र यायचे, म्हणून सगळ्यांनी गोंगाटाला दोष दिला. केबल शील्डेड होती. तीही बदलून झाली. फरक शून्य.

शटडाउन मिळाल्यावर मी पीएलसीच्या पोर्टवरचा कनेक्टर काढला, सगळी पॉवर बंद असल्याची खात्री केली आणि ए-बी मधला रेझिस्टन्स मोजला. मीटरवर आकडा आला ४०.

आरएस-४८५ च्या तारेला दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, कारण तारेचा स्वतःचा इम्पिडन्स साधारण तेवढाच असतो. टोकाला पोचलेला सिग्नल परत फिरून पुढच्या बिटवर आदळू नये, यासाठी तो. दोन १२० समांतर म्हणजे ६०. केबल लांब असेल तर तारेच्या रेझिस्टन्समुळे थोडं वर दिसेल, ते चालतं. १२० च्या आसपास दिसलं तर एक टर्मिनेशन नाही किंवा मध्ये तार तुटलीय. शेकडो, हजारो ओहम दिसले तर टर्मिनेशन दोन्हीकडे नाहीत. शून्याजवळ दिसलं तर शॉर्ट. आणि ४० म्हणजे तीन रेझिस्टर. कुठेतरी मध्येच तिसरा बसलाय.

मग मधल्या प्रत्येक ड्राइव्हचं झाकण उघडत गेलो. सहाव्या ड्राइव्हच्या कंट्रोल बोर्डवर टर्मिनलांच्या मागे, नखाएवढा पांढरा डीआयपी स्विच, ऑनच्या बाजूला. तो पेनाच्या टोकाने खाली केला आणि मीटरवर ६१ आले. तीन महिन्यांपूर्वी सहावा ड्राइव्ह जळाला होता आणि स्टोअरमधला सुटा ड्राइव्ह त्या जागी बसवला होता. तो सुटा ड्राइव्ह पूर्वी दुसऱ्या लाइनच्या टोकाला काम करत होता. पॅरामीटर सगळे नीट कॉपी केले गेले, स्विचकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. दोष सुरू झाला तो त्यानंतर, पण सहावा ड्राइव्ह स्वतः कधीच ट्रिप होत नसल्याने कुणी हा धागा जोडला नाही.

एका जास्तीच्या रेझिस्टरने एवढं का व्हावं? लाइनवर कुणीच बोलत नसतं तेव्हा ए-बी मधलं व्होल्टेज बायस रेझिस्टर धरून ठेवतात. रिसीव्हरला एक की शून्य हे खात्रीने कळायला दोन तारांत किमान २०० मिलिव्होल्ट फरक लागतो. त्या पीएलसीच्या पोर्टवर ५ व्होल्टला आणि शून्याला ६८० ओहमचा एकेक बायस होता. ६० ओहमवर हिशेब होतो ५ गुणिले ६०, भागिले १४२०, म्हणजे २११ मिलिव्होल्ट. जेमतेम पास. ४० ओहमवर तोच हिशेब १४३ मिलिव्होल्ट. म्हणजे शांत लाइन रिसीव्हरच्या दृष्टीने शांत राहत नव्हती. मोटार स्टार्ट झाली, तारेवर थोडा धक्का बसला की रिसीव्हरला नसलेला स्टार्ट बिट दिसायचा आणि खऱ्या संदेशाचं पहिलं अक्षर त्यात सापडायचं. नव्या चिपमध्ये शून्य मिलिव्होल्टलाही लाइन शांत धरण्याची सोय असते, म्हणून काही ड्राइव्ह अशा स्थितीतही मजेत चालतात आणि काही अडखळतात.

म्हणजे गोंगाट खोटा नव्हता. पण लाइन सशक्त असती तर तिने तो सहज सोसला असता. पॉवर चालू झाल्यावर, पोलिंग (पीएलसीचं ओळीने विचारणं) थांबवून, ए-बी मधलं शांत व्होल्टेजही मोजून लिहून ठेवा. २०० च्या बरंच वर असलेलं बरं. बायस एकाच ठिकाणी ठेवा, शक्यतो मास्टरकडे.

प्रोफिबस या दुसऱ्या नेटवर्कच्या नऊ पिनांच्या कनेक्टरवर हाच स्विच बाहेर असतो. तिथे तो ऑन केला की पुढे जाणारी तार तुटते, त्यामुळे मधल्या कनेक्टरचा स्विच चुकून ऑन झाला तर पुढची सगळी स्टेशनं एकदम गायब होतात. ते लगेच कळतं. आरएस-४८५ वरच्या ड्राइव्हमध्ये लपलेला स्विच तीन महिने कळत नाही.

## तिसरी तार आणि शील्ड

"४८५ ला दोनच तारा लागतात" हे वाक्य इतकं रुळलंय की तिसऱ्या तारेची आठवणही कुणाला राहत नाही. ए आणि बी मधला फरक रिसीव्हर वाचतो हे खरं, पण त्या दोन्ही तारांचं व्होल्टेज रिसीव्हरच्या स्वतःच्या शून्यापासून उणे ७ ते अधिक १२ व्होल्टच्या आत असावं लागतं. दोन पॅनेल वेगवेगळ्या ठिकाणी अर्थ केलेली असतील आणि मोठी मोटार सुरू होताना त्यांच्या शून्यांत फरक पडला, तर ही मर्यादा ओलांडली जाते. मग संदेश हरवतो, आणि नशीब वाईट असेल तर चिपही जळते. म्हणून सिग्नल कॉमनची तिसरी तार सगळ्या स्टेशनना जोडा. शील्डला त्या कामाला लावू नका. दोन पॅनेल दूर आणि पुरवठा वेगळा असेल तर मधे आयसोलेटेड रिपीटर बसवणं हाच खरा इलाज.

ड्राइव्हमधून मोटारकडे जाणारी केबल ही पॅनेलमधली सगळ्यात गोंगाटी वस्तू. सिग्नलची केबल तिच्यापासून वीत-दीड वीत तरी लांब ठेवा, आणि ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. एकाच ट्रेमध्ये, एकाच टायने बांधलेल्या दोन केबल दिसल्या की मी आधी तो टाय कापतो. शील्डची वेणी करून लांब तारेने अर्थला जोडण्यापेक्षा क्लॅम्पखाली शील्डचा पूर्ण घेर दाबला तर गोंगाट खूप चांगला निचरतो.

तार एका स्टेशनवरून दुसऱ्यावर अशी साखळीने न्यायची. मधूनच फाटे फोडून ताऱ्यासारखी पसरवलेली जोडणी ९६०० बॉडला चालूनही जाते, आणि कुणी वेग वाढवला की ढासळते. त्यातूनच एक छान चाचणी मिळते: वेग निम्मा करून बघा. दोष नाहीसा झाला तर कारण सिग्नलच्या दर्जात आहे. जराही बदलला नाही तर सेटिंग, प्रोग्रॅम किंवा पुरवठा तपासा.

## एक बंद स्लेव्ह सगळ्यांना अडवतो

हे पुष्कळांना माहीत नसतं, म्हणून आकड्यांत सांगतो. ९६०० बॉडला, पॅरिटी धरून, एक अक्षर ११ बिटांचं, म्हणजे १.१५ मिलिसेकंदाचं. प्रश्न ८ अक्षरांचा. दहा रजिस्टरचं उत्तर २५ अक्षरांचं. मधल्या साडेतीन अक्षरांच्या शांतता आणि स्लेव्हचा विचार करायचा २० मिलिसेकंदांचा वेळ धरला तर एका स्टेशनला साधारण ६५ मिलिसेकंद लागतात. अकरा स्टेशनांची फेरी पाऊण सेकंदाच्या आत पुरी होते.

आता त्यातलं एक बंद पडलं. टाइमआउट १ सेकंद, त्यावर ३ रिट्राय अशी सेटिंग असेल तर पीएलसी त्या एकट्यासाठी ४ सेकंद खोळंबतो. फेरी साडेचार सेकंदांच्या वर जाते. आणि बाकीच्या ड्राइव्हमध्ये "३ सेकंदांत संदेश आला नाही तर ट्रिप" असं असेल, तर सगळे निरोगी ड्राइव्ह एकामागोमाग ट्रिप होतात! ऑपरेटरला दिसतं की सगळं नेटवर्क बसलं. बसलेला असतो एकच, कदाचित मेंटेनन्सने मुद्दाम बंद केलेला.

अशा ठिकाणी टाइमआउट २००-३०० मिलिसेकंदांवर आणा, रिट्राय एकच ठेवा, आणि ओळीने दोन-तीन फेऱ्या न बोललेल्या स्टेशनला बाजूला काढून अर्ध्या मिनिटाने एकदाच विचारा. प्रोग्रॅममध्ये दोन मॉडबस ब्लॉक एकाच पोर्टवर एकाच वेळी सुरू होत नाहीत ना, तेही पाहा. एकाचं काम झालं किंवा एरर आला, की मगच दुसऱ्याची पाळी.

## इथरनेट असेल तर

पिंग लागतो, पण पीएलसी बोलत नाही, ही तक्रार नेहमीची. पिंगने एवढंच कळतं की तार आणि पत्ता ठीक आहेत. मॉडबस टीसीपी ५०२ पोर्टवर, सीमेन्सचं एस७ १०२ वर आणि इथरनेट-आयपी ४४८१८ वर चालतं. तो पोर्ट फायरवॉलने अडवला असेल तर पिंग गोड बोलत राहील. एस७-१२०० आणि १५०० मध्ये बाहेरच्या उपकरणाला पुट-गेटची (पीएलसीची मेमरी बाहेरून वाचण्या-लिहिण्याची) परवानगी वेगळी द्यावी लागते. प्रोजेक्टमध्ये ती खूण नसेल तर नव्याने डाउनलोड झाल्यावर कालपर्यंत चालणारा एचएमआय आज गप्प होतो.

अधूनमधून तुटणाऱ्या इथरनेटमध्ये मी सगळ्यात आधी दुहेरी आयपी पत्ता तपासतो. कृती साधी: पीएलसीची केबल काढा आणि त्याच पत्त्यावर पिंग करा. केबल हातात असताना उत्तर आलं, तर तो पत्ता दुसऱ्या कुणाकडे तरी आहे. लॅपटॉपच्या एआरपीच्या यादीत (कोणता आयपी कोणत्या उपकरणाकडे, याची नोंद) त्याचा मॅक पत्ता दिसेल. पहिल्या तीन जोड्यांवरून कोणत्या कंपनीचं उपकरण आहे ते कळतं आणि शोध सोपा होतो.

दुसरा संशयित म्हणजे डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशांनी बोलायचं की आळीपाळीने). स्विचचा पोर्ट १०० फुल डुप्लेक्सवर बांधून ठेवलाय आणि पीएलसी ऑटोवर आहे, तर पीएलसी हाफ डुप्लेक्सवर जातो. थोड्या वाहतुकीला काही कळत नाही. ट्रेंड उघडला, रिपोर्ट ओढला, की टाइमआउट सुरू. दोन्ही ऑटोवर ठेवा किंवा दोन्ही बांधा. तिसरा म्हणजे कनेक्शनची संख्या. एचएमआयची पॉवर मध्येच गेली की पीएलसीकडे जुनं कनेक्शन उघडंच राहतं. असं पाच-सात वेळा झालं की जागा संपते आणि नवा येणारा परत पाठवला जातो. बंद-चालू केल्यावर "ठीक" होणारे कितीतरी दोष याच जातीचे. कीप-अलाइव्ह (समोरचा जिवंत आहे का, ही अधूनमधून होणारी विचारणा) चालू केला की पीएलसी मेलेलं कनेक्शन स्वतःच सोडतो.

प्रोफिनेटवर (इथरनेटवरच्या आणखी एका औद्योगिक नेटवर्कवर) बदललेलं उपकरण दिसतं पण जोडलं जात नाही, तर त्याला नाव दिलंय का बघा. तिथे आयपीच्या आधी नाव लागतं. लॅपटॉपच पीएलसीला लागत नसेल तर वायफाय बंद करून पाहा. त्याचा आणि केबलचा पत्ता एकाच सबनेटमध्ये असला तर संदेश भलत्याच वाटेने जातो. यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर दुसऱ्या खाचेत लावला की कॉम पोर्टचा नंबर बदलतो, हेही विसरू नका.

## दोष गेला असं कधी म्हणायचं

प्रत्येक स्टेशनसाठी प्रोग्रॅममध्ये चार रजिस्टर राखून ठेवा: किती प्रश्न विचारले, किती टाइमआउट झाले, इतर एरर किती, आणि शेवटचा एरर कोड वेळेसकट. बऱ्याच पीएलसींमध्ये एररचा बिट आणि कोड एकाच स्कॅनपुरते (प्रोग्रॅमच्या एका फेरीपुरते) खरे असतात. ऑनलाइन बघताना ते डोळ्यांना दिसतच नाहीत, म्हणून त्याच स्कॅनमध्ये ते कॉपी करून धरून ठेवावे लागतात. या चार आकड्यांचं एक छोटं पान एचएमआयवर द्या. कोणतं स्टेशन आजारी होतंय हे ट्रिप होण्याच्या कितीतरी आधी तिथे दिसू लागतं, कारण रिट्राय दोष झाकतो, काउंटर झाकत नाही.

त्या लाइनवर स्विच खाली केल्यानंतर मी लगेच "ओके" लिहिलं नाही. काउंटर शून्य केले आणि तीच मोठी मोटार ऑपरेटरकडून दहा वेळा स्टार्ट करवून घेतली. आधी दहा स्टार्टमध्ये आठव्या ते अकराव्या स्टेशनवर मिळून दोन-चार टाइमआउट पडायचेच, रिट्रायमुळे ते ट्रिपपर्यंत पोचायचे नाहीत इतकंच. या वेळी एकही पडला नाही. मग दोन आठवडे प्रत्येक पाळीच्या शेवटी तो आकडा लॉगबुकात लिहायला सांगितला. दुसऱ्या आठवड्यात अकराव्या स्टेशनवर एक टाइमआउट दिसला, तो तिथल्या एनर्जी मीटरची पॉवर कामासाठी काढली तेव्हाचा, वेळ तंतोतंत जुळत होती.

स्टोअरमधल्या सगळ्या सुट्या ड्राइव्हवर आता पिवळी पट्टी चिकटवलेली आहे: "बसवण्याआधी टर्मिनेशन स्विच ऑफ करा. बसवल्यावर ए-बी मोजा, ६० ओहम."